डांग : एका लहान जिल्ह्याची मोजदाद

नाशिकहून दिंडोरी-वणीच्या वाटेने उत्तरेकडे निघावे, सप्तशृंगीचा डोंगर उजव्या हाताला ठेवावा आणि हातगडचा किल्ला मागे पडला की एका वळणावर महाराष्ट्र संपतो. पलीकडे सापुतारा लागतो. दुकानांवरच्या पाट्यांची लिपी बदलते, रस्त्यावरील मैलाच्या दगडांवरचे आकडे गुजरातीत येतात. पण डोंगर तोच, साग तोच, उतारावरची नागली आणि वरई तीच, आणि डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चाललेली बाई आपल्या मुलीला जे काही सांगत असते त्यातला निम्माशिम्मा अर्थ वणीच्या माणसाला विनासायास कळतो. हा डांग जिल्हा होय. आज त्याच्या राज्यकारभाराचा आणि त्यातील माणसांच्या मोजणीचा इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे. विषय रुक्ष वाटेल, हे मी जाणतो. पण एखाद्या मुलखात माणसे किती आहेत आणि ती कोणती भाषा बोलतात, हे दोन प्रश्न दिसतात तितके निरुपद्रवी नसतात. डांगचे भवितव्य पुष्कळसे या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरविले गेले.

प्रथम नावाविषयी. डांग हा शब्द आपल्याला परका नाही. सह्याद्रीच्या कुशीतील दाट रानाच्या, चढउताराच्या मुलखाला अकोले-इगतपुरीकडील लोक डांगाण म्हणतात. मुसळधार पावसात चिखलाची शेती ओढणारी काळी-पांढरी डांगी गाय-बैलांची जात त्याच नावाने प्रसिद्ध आहे. इंग्रजी कागदपत्रांत मात्र या जिल्ह्याचे नाव दीर्घकाळ अनेकवचनी राहिले. त्याला कारण होते. हा एक मुलूख नव्हता, अनेक डांगांचा समूह होता. गाढवी, आमाला, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी येथील पाच भिल्ल राजे आणि त्यांच्या जोडीला नऊ नाईक, असे चौदा सत्ताधीश सुमारे १,७६४ चौरस किलोमीटरांच्या रानात नांदत होते. पूर्णा, अंबिका, गिरा, खापरी या नद्यांची खोरी हीच त्यांची राज्ये. सत्ता एका माणसाच्या हाती नसे. ती भाऊबंदांत वाटलेली असे. भाऊबंद हा शब्द इंग्रज अधिकाऱ्यांना इतका अपरिहार्य वाटला की त्यांनी तो जसाच्या तसा आपल्या अहवालांत घेतला.

शेजारच्या सत्तांशी या राजांचे नाते सरळ अंकितपणाचे नव्हते. बागलाणातील मुल्हेर-साल्हेरच्या बाजूस मराठ्यांची सत्ता, पश्चिमेस सोनगडकडे गायकवाडांची. सपाटीवरील गावांकडून भिल्लांना गिरास मिळे, तो न मिळाल्यास ते खाली उतरत आणि गुरे हाकून नेत. आधुनिक राज्यकर्त्याला याचे नाव दरोडा असे सुचते. भिल्लांच्या लेखी तो हक्क होता. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे मानल्याखेरीज या भागाचा इतिहास उलगडत नाही, असे माझे मत आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम १८३० साली फौज घेऊन डांगांत शिरला व गाढवीचा राजा सिलपत याला त्याने जेर केले. लष्करिया आंबा नावाच्या गावाजवळ पाचही राजांनी एकत्र येऊन इंग्रज फौजेला रोखले, ही आठवण मात्र डांगी लोक आजही अभिमानाने सांगतात. कागद आणि आठवण यांचा निकाल निरनिराळा असणे ही इतिहासातील नित्याची गोष्ट आहे.

कंपनीला डांगांत खरे पाहता राज्य नको होते, लाकूड हवे होते. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली जात, त्यांना साग लागे, आणि मलबारचा साग अपुरा पडू लागला होता. १८४२ साली सरकारने डांगच्या राजांशी करार करून रानतोडीचा मक्ता घेतला. त्याबद्दल राजांना, नाईकांना व त्यांच्या भाऊबंदांना दरसाल ठरावीक रक्कम द्यावयाची असे ठरले. ही रक्कम भर दरबारात वाटली जाई. त्यातूनच डांग दरबाराची प्रथा पडली. होळीच्या सुमारास आहवा येथे तो दरबार अजूनही भरतो. १९७१ साली घटनादुरुस्ती होऊन देशातील संस्थानिकांचे तनखे बंद झाले. डांगच्या राजांचे मानधन तेवढे चालू राहिले. कारण उघड आहे. त्यांना मिळणारा पैसा राज्य सोडल्याबद्दलचा नव्हता, रान दिल्याबद्दलचा होता. भारतात आज सरकारी खजिन्यातून वंशपरंपरेने पैसे घेणारे राजे शोधावयाचे झाले तर राजस्थानातील महालांकडे न जाता आहव्याच्या मैदानावर जावे लागते. एरवी हे राजे आपल्या रयतेसारखेच शेतीभाती करून राहतात.

मक्ता घेताना सरकारला केवळ झाडे मिळाली होती. हळूहळू जमीनही त्याच्या हाती गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रानाची आखणी झाली, राखीव रान आणि इतर रान असे भाग पडले, आणि ज्या उतारावर डांगी माणूस झाडांच्या फांद्या जाळून राखेत नागली पेरी, तो उतार त्याला बंद झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी या बंदीविरुद्ध एकाहून अधिक वेळा उठाव झाले. १९१३ च्या सुमारास गायकवाड सरकारची अरुंद मापाची आगगाडी बिलिमोऱ्याहून वघईच्या दिशेने सुरू झाली. तिच्या डब्यांतून सागाचे ओंडके किनाऱ्याकडे गेले. या क्षणापासून डांगची पाठ खानदेशाकडे आणि तोंड सुरतेकडे वळले, असे म्हणावयास हरकत नाही.

कारभाराची दिशाही तीच होती. आरंभी डांगांचा राजकीय कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे, म्हणजे धुळ्याकडे होता. १८८० साली मुंबई सरकारने खानदेशचे गॅझेटियर प्रसिद्ध केले, त्यात डांगांचे वर्णन खानदेशाबरोबरच दिलेले आढळते. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत हा कारभार सुरतेच्या कलेक्टरकडे गेला आणि रानखात्याचा अधिकारीच आहव्यास साहाय्यक पोलिटिकल एजंट म्हणून बसू लागला. ज्या खात्याला रान राखावयाचे त्याच खात्याकडे रानातील माणसांचा न्यायही सोपविला गेला! १९३३ साली बडोदे आणि गुजरात संस्थानांची एकत्रित एजन्सी झाली, तिच्यात डांगही गेले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली डांग मुंबई प्रांतात विलीन होऊन त्यांचा स्वतंत्र जिल्हा बनला. एकाच तालुक्याचा, तीनशेच्या आसपास खेड्यांचा आणि एकही खरे शहर नसलेला असा तो जिल्हा. आज त्याचे वर्णन शोधू जाल तर ते खानदेशच्या नव्हे, गुजरात राज्याच्या गॅझेटियरांच्या मांडणीवर सापडेल. ग्रंथालयातील एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेलेला असा जिल्हा विरळा.

आता माणसांकडे वळू. डांगांची लोकसंख्या १९०१ साली १८,६३४ भरली. छप्पन्नचा भयंकर दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १९११ साली ती २९,३५३ झाली. १९२१ साली पुन्हा उतरून २४,४९८ वर आली. मधल्या काळात इन्फ्लुएंझाची साथ सर्व देशभर येऊन गेली होती. १९३१ साली ३३,७४८, १९४१ साली ४०,४९८ आणि १९५१ साली ४७,२८२ असे आकडे चढत गेले. त्यापुढील दहा वर्षांत एकदम अर्ध्याहून अधिक वाढ होऊन १९६१ साली ७१,५६७ माणसे मोजली गेली. २०११ साली ही संख्या २,२८,२९१ झाली. एकशेदहा वर्षांत देशाची लोकसंख्या सुमारे पाचपट झाली, डांगची बारापट.

या आकड्यांकडे पाहताना मात्र सावध राहावे. दहा वर्षांत शेकडा सत्तावन्नाने वाढ, पुढील दहा वर्षांत शेकडा सोळाने घट, असे चढउतार केवळ जन्ममृत्यूंनी सहसा होत नाहीत. या मुलखात घर म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवत. रोग आला, वाघाचा उपद्रव झाला किंवा जमीन थकली की अख्खी वस्ती उठून दुसऱ्या उतारावर जाई. कर जमिनीवर नव्हे, नांगरावर होता. म्हणजे माणूस कोठे राहतो याची दप्तरात पक्की नोंद ठेवण्याची सरकारला फारशी गरजच नव्हती. त्यात शिरगणती होई फेब्रुवारी-मार्चात, रानातली तोड ऐन भरात असताना. बाहेरून आलेला लाकूडतोड्या तिच्यात धरला जाई, आणि खोल दरीतील डांगी कुटुंब वगळले जाणेही अशक्य नव्हते. रस्ते झाले, शाळामास्तर आले, तेव्हा माणसे वाढली हे खरे. पण पूर्वी असलेली माणसे दिसूही लागली.

ही माणसे कोण? राजे भिल्ल, पण नांगर धरणारा मोठा समाज कोकणा किंवा कुकणा लोकांचा. डांगात यांना कुणबीही म्हणत. ते मूळचे कोकणातून वर चढून आले, अशी त्यांची समजूत आहे. त्यांच्याखेरीज वारली आहेत, उत्तरेकडे गामीत ऊर्फ मावची आहेत, बांबूकाम करणारे कोटवाळिया आहेत. २०११ सालच्या गणतीप्रमाणे जिल्ह्यातील शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव माणसे अनुसूचित जमातींची होती, आणि स्त्रियांची संख्या पुरुषांहून किंचित अधिक, म्हणजे दर हजारी १,००६ होती. डोंगरदेव, वाघदेव आणि मावली हे त्यांचे देव. मुखवटे घालून रात्रभर चालणारा भवाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना जव्हार-मोखाड्याकडील बोहाडा आठवल्यावाचून राहणार नाही.

आणि त्यांची भाषा? येथे आपण वादाच्या ठिकाणी पोचलो. सर जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांची पाहणी केली, तिच्या १९०७ साली निघालेल्या खंडात डांगी बोली खानदेशीच्या, म्हणजे आपल्या अहिराणीच्या कुटुंबात घातली आहे. जनगणनेच्या जुन्या तक्त्यांतून या भागासाठी भिल्ली व खानदेशी हीच नावे मुख्यत्वे दिसतात. पण डांगीची ठेवण अशी की दोन्ही शेजाऱ्यांना ती आपली वाटावी. मराठीत षष्ठीचा प्रत्यय चा-ची-चे, गुजरातीत नो-नी-नुं. डांगीत तो ना-नी असा आहे, जसा तो अहिराणीतही आहे. गुजराती विद्वानाने प्रत्ययावर बोट ठेवावे, मराठी विद्वानाने घरातल्या-शेतातल्या शब्दांवर, आणि दोघांनीही सभा जिंकून घरी जावे! बोलणारा मात्र दोघांच्या मध्ये, आपल्या डोंगरावर उभा.

स्वातंत्र्यापूर्वी डांगातील थोड्याथोडक्या शाळांत मराठी चाले. १९४८ नंतर चित्र पालटले. छोटुभाई आणि घेलुभाई नायक हे बंधू आहव्यास स्वराज आश्रम स्थापून राहिले. त्यांनी शिक्षणाचे काम निष्ठेने केले आणि डांग गुजरातचा आहे हा आग्रहही तितक्याच निष्ठेने धरला. १९४९ साली मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई डांगचा दौरा करून आले. डांगी बोली गुजरातीला जवळची आहे असे सरकारचे मत झाले आणि शाळांचा ओघ गुजरातीकडे वळला. खेर स्वतः मराठी होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील टीकाकारांना फार झोंबली. दोनच वर्षांनी, १९५१ साली, जनगणना झाली आणि जिल्ह्यातील फार मोठ्या बहुसंख्येची मातृभाषा गुजराती म्हणून नोंदली गेली.

वीस वर्षांत एक समाज आपली मातृभाषा बदलू शकतो काय? माझ्या मते नाही. बदलला तो रकाना भरणारा हात. गणना करणारे म्हणजे शाळामास्तर आणि कचेरीतील कारकून. ते ज्या भाषेत शिकले, ज्या साहेबाला जबाबदार होते, त्याच भाषेच्या नावाखाली त्यांनी अशिक्षित माणसाचे उत्तर बसविले. यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नव्हे. ‘तू कोणती भाषा बोलतोस’ या प्रश्नाला डांगी माणसाचे प्रामाणिक उत्तर ‘आमची’ एवढेच असणार. पुढचे नाव लिहिणाऱ्याने घालावयाचे.

आणि येथे आपण मराठी माणसांनीही थोडे आत्मपरीक्षण करणे योग्य होईल. डोंगराच्या अलीकडे सुरगाणा हे असेच एक छोटे संस्थान होते. तेही विलीन झाले आणि नाशिक जिल्ह्याचा तालुका बनले. सुरगाणा, पेठ, कळवण, नवापूर या तालुक्यांतही हेच कोकणा, हेच भिल्ल, हीच सोयरीक. तेथील मुले मराठी शाळेत गेली. मराठी त्यांच्यावर लादली जाते आहे, अशी शंका आपल्यापैकी कोणाला आली नाही. ओढ्याच्या या काठावरचा भाऊ मराठी झाला, त्या काठावरचा गुजराती. दोघांची आजी मात्र एकच बोली बोलत होती. डांगवर मराठीचा हक्क सांगताना आपण आजीचे नाव घेतले, पण तिची बोली शाळेत नेण्याचा विचार आपणही केला नाही.

पुढील घटना पुष्कळांना ठाऊक आहेत. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्य झाले तेव्हा डांगचा प्रश्न तात्पुरता मिटला, कारण दोन्ही दावेदार एकाच छपराखाली होते. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मागणीत बेळगाव-कारवारबरोबर डांग आणि उंबरगाव ही नावे सतत उच्चारली गेली. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि डांग गुजरातकडे गेला. उंबरगाव तालुक्याचा भाग आणि पश्चिम खानदेशातील काही गावेही गेली. मुंबई मिळाल्याच्या आनंदात डांगचे दुःख महाराष्ट्राने लवकर आवरले. बेळगावसाठी पुढे पिढ्यान्‌पिढ्या झगडा चालला. डांगसाठी तसा तो चालला नाही. डांगात मराठी वृत्तपत्र नव्हते, मराठी वकील नव्हते, मराठी मध्यमवर्ग नव्हता. होते ते रान, आणि त्यातली सत्तर हजार माणसे. ज्या सीमेवर लिहिता-वाचता समाज राहतो तिचाच प्रश्न जिवंत राहतो, ही गोष्ट मला त्या काळच्या सर्व ठरावांहून अधिक बोलकी वाटते.

गेल्या काही वर्षांत या कहाणीला एक अनपेक्षित वळण लागले. २०२२ च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातील काही सीमावर्ती गावांतल्या लोकांनी आपल्याला गुजरातेत घ्यावे अशी मागणी केली. त्यांनी भाषेचा मुद्दा काढला नाही. रस्ता, पाणी, दवाखाना आणि वीज यांची तुलना त्यांनी पलीकडच्या गावांशी केली होती. साठ वर्षांपूर्वी व्याकरणाच्या आधारे मांडलेला प्रश्न त्यांनी हातपंप आणि डांबर यांच्या आधारे मांडला. महाराष्ट्र सरकारला त्याची दखल घेऊन तातडीने योजनांची भाषा बोलावी लागली.

जिल्ह्याचा कारभारही आता पूर्वीसारखा एकखांबी राहिलेला नाही. २०११ च्या गणतीपर्यंत सारा जिल्हा म्हणजे एकच तालुका होता. त्यानंतर आहवा, वघई आणि सुबीर असे तीन तालुके झाले. साक्षरता शेकडा पंचाहत्तरांवर पोचली आहे. तथापि दर चौरस किलोमीटरला १२९ माणसे एवढीच वस्ती असलेला हा गुजरातचा सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा. पाऊस उदंड, परंतु पाणी थांबत नाही. एका हंगामाची शेती वर्षभर पुरत नाही. म्हणून दिवाळी झाली की डांगची कुटुंबे कोयते, भांडी, पोरे आणि कोंबड्या घेऊन ट्रकांत चढतात आणि बारडोली, सुरतकडील साखर कारखान्यांच्या उसावर जातात. खानदेशातील टोळ्याही त्याच वाटेने जातात. ती परततात होळीला किंवा त्यानंतर.

२०२१ साली व्हावयाची जनगणना लांबणीवर पडली आणि नव्या गणतीचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. डोकी मोजण्याचे काम फेब्रुवारीत, म्हणजे ऊसतोड जोरात असताना होईल. गणतीच्या सबंध मुदतीत जो जेथे असेल तो तेथेच मोजावा, असा नियम असतो. तेव्हा बारडोलीच्या शिवारात, उसाच्या पाल्याच्या खोपटासमोर, कोणी शिक्षक वही घेऊन उभा राहील, आणि कोयता खाली ठेवून आलेल्या डांगी माणसाला गाव विचारील, जमात विचारील, आणि मग मातृभाषेच्या रकान्याशी येऊन थांबेल.